प्रतिकृती तलवारींचा संग्रह व मूल्यमापन : नांदेड-लातूर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
तलवार हे केवळ युद्धाचे साधन नसून तत्कालीन धातुविद्या, व्यापार व सत्तासंबंध यांची साक्ष देणारे इतिहासाचे साधन आहे. या दृष्टीने नांदेड व लातूर हे जिल्हे महत्त्वाचे ठरतात. कंधार, औसा व उदगीर हे भुईकोट किल्ले याच परिसरात आहेत. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामावर मिळवलेला विजय उदगीरच्या नावाने ओळखला जातो. नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचे निर्वाण झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये शस्त्रे श्रद्धेने जतन केलेली असून दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानात गोदावरीच्या पाण्याने ती स्वच्छ केली जातात. गुरुद्वाऱ्याभोवतीच्या बाजारात कृपाणी व तलवारी विकल्या जातात, तर अनेक घरांतून दसऱ्याला शस्त्रपूजन होते. परिणामी अस्सल, पूजेची व शोभेची अशा तिन्ही प्रकारच्या तलवारी एकाच प्रदेशात आढळतात. त्यांतील भेद ओळखण्याचे निकष स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

प्रतिकृतीचे स्वरूप :
प्रतिकृती म्हणजे बनावट वस्तू नव्हे. आपण प्रतिकृती आहोत हे जी वस्तू लपवीत नाही ती प्रतिकृती. जी लपविते ती बनावट. युरोपात प्राचीन केल्टिक तलवारींच्या प्रतिकृतींचा संग्रह व अभ्यास होतो. स्वित्झर्लंडमधील ला तेन येथे १८५७ मध्ये सापडलेल्या लोखंडी तलवारींमुळे या अभ्यासास भक्कम आधार मिळाला. केल्टांच्या तलवारी पहिल्याच घावाला वाकत, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. परंतु प्रत्यक्ष पात्यांच्या धातुपरीक्षणातून त्यांचा दर्जा कमी-अधिक असल्याचे व काही पाती उत्तम असल्याचे दिसून आले. लिखित वर्णनापेक्षा वस्तू अधिक सांगते, हा यातून मिळणारा धडा होय. युरोपीय तलवारींच्या प्रतिकृती भारतातही तयार होतात. देहरादून येथील विंडलास स्टीलक्राफ्ट्स हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

मूल्यमापनाचे निकष :
१) वजन व तोल : जुन्या तलवारींचे वजन सामान्यतः एक किलोच्या आसपास असते. अस्सल पाते मुठीकडून टोकाकडे पातळ होत जाते. शोभेच्या तलवारीचे पाते बहुधा सर्वत्र सारख्या जाडीचे असल्याने ती हातात जड व अग्रभारी वाटते. वीरपुरुषांच्या अवजड तलवारींच्या आख्यायिका या कसोटीवर टिकत नाहीत.
२) जोडणी : भारतीय तलवारीचे शेपूट मुठीच्या पोकळीत लाखेसारख्या पदार्थाने बसविले जाई. तेथे नट अथवा जोडकाम केलेली सळई दिसल्यास ती वस्तू आधुनिक समजावी.
३) धातू : गंजरोधक पोलादाचे लांब पाते शोभेपुरतेच असते. उलट दख्खनच्या मुशीतील पोलादाला दूरवर मागणी होती. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे त्याचे प्रसिद्ध केंद्र होते. या पोलादाच्या पात्यावर लहरींसारखी नक्षी उमटते. आजच्या प्रतिकृतींवर ती बरेचदा आम्लाने कोरलेली असते. घासल्यावर ती पुसट होते. अस्सल नक्षी धातूच्या अंतरंगातच असल्याने योग्य प्रक्रियेने पुन्हा प्रकट करता येते.
४) घडण : धोप, पट्टा, खंडा व वक्र तलवार यांच्या मुठी भिन्न आहेत. एकाची मूठ व दुसऱ्याचे पाते एकत्र आल्यास संशय घ्यावा. तथापि असा मेळ नेहमीच बनावट नसतो. नागपूरकर रघुजी भोसले यांची, २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने मिळविलेली तलवार याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे पाते युरोपीय, मूठ मराठा धाटणीची असून तिच्यावर देवनागरी लेख आहे. अशा पात्यांमुळेच ‘फिरंग’ हा शब्द रूढ झाला.
५) उगम : लेख किंवा नाव कोरलेले असणे हा पुरावा नव्हे, कारण नाव सर्वांत सहज कोरता येते. वस्तू कोणाकडून, केव्हा व कशी आली याची नोंद निर्णायक ठरते.

संग्रहविषयक समस्या :
पूजेपूर्वी जुन्या तलवारी वाळूकागद, आम्ल अथवा घासयंत्राने चकचकीत करण्याची प्रथा अतिशय घातक आहे. त्यामुळे सोन्या-रुप्याचे तारकाम व लेख कायमचे नष्ट होतात. दुसरीकडे नवी तलवार मुद्दाम गंजवून ‘शिवकालीन’ म्हणून विकली जाते. अशा रीतीने अस्सल वस्तू नवी भासते व नवी वस्तू जुनी ठरते. कायद्याचाही विचार आवश्यक आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. तसेच शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी शस्त्रांच्या वर्गवारीत येतात. शिखांच्या कृपाणधारणेस मात्र संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाचे संरक्षण आहे.

निष्कर्ष :
प्रतिकृतींचा संग्रह अभ्यासास उपकारक आहे. तोल, मुठीची पकड व वापराची रीत यांचा अनुभव घेताना अस्सल वस्तूला धक्का लागत नाही. यासाठी प्रत्येक प्रतिकृतीवर निर्मितीचे वर्ष व निर्मात्याची खूण असावी. घरोघरच्या तलवारींची लांबी, वजन, छायाचित्र व कुटुंबातील माहिती यांची नोंद महाविद्यालयीन इतिहास विभागांनी करावी आणि तलवार मालकाकडेच राहू द्यावी. पूजा श्रद्धेने व्हावी, परंतु स्वच्छता मऊ कापड व तेलाचा हलका हात एवढ्यापुरतीच मर्यादित असावी. एकदा घासून गेलेला लेख कोणत्याही संशोधकाला पुन्हा वाचता येत नाही.