नेल्सन (ब्रिटिश कोलंबिया)

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अमेरिकेच्या सरहद्दीच्या थोडे उत्तरेला, कूटनी सरोवराच्या पश्चिम फाट्यावर वसलेले लहान शहर. लोकसंख्या ११,१०६ (२०२१). ते सेल्कर्क पर्वतरांगेच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५३५ मी. उंचीवर आहे. कूटनी सरोवर अरुंद असून उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटरहून जास्त लांब पसरले आहे. त्याच्या साधारण मध्यातून पश्चिमेकडे पाण्याचा एक हात निघतो. नेल्सन ओलांडल्यावर या हाताची पुन्हा कूटनी नदी होते आणि कॅसलगार येथे ती कोलंबिया नदीला मिळते. हे शहर पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. त्याच्या जन्माच्या वेळी रस्ता म्हणजे सरोवरच होते. म्हणून पाहुण्याने नेल्सन पाण्याच्या बाजूने पाहावे. मोटारीने येऊन बाजारपेठेत जेवून निघून गेलेल्याला ते अर्धेच दिसते.

हा मुलूख सिनायक्स्ट आणि कटुनाहा या आदिवासी लोकांचा. ‘कूटनी’ हे नाव कटुनाहा याच नावावरून आले आहे. सिनायक्स्ट लोकांची हकिकत प्रवाशाने येण्यापूर्वीच माहीत करून घ्यावी, कारण शहरातल्या फलकांवर ती एक-दोन ओळींत उरकलेली असते. आंतरराष्ट्रीय सरहद्द त्यांच्या प्रदेशाच्या मधून गेली, बहुतेकजण दक्षिणेकडे अमेरिकेत ढकलले गेले आणि १९५६ मध्ये कॅनडा सरकारने ही जमातच नामशेष झाल्याचे जाहीर करून टाकले. माणसे जिवंत होती, फक्त सरहद्दीपलीकडे राहत होती. २०१० मध्ये रिचर्ड डेसॉटेल या अमेरिकावासी सिनायक्स्ट शिकाऱ्याने कॅनडाच्या हद्दीत येऊन एल्क मारला आणि खटला ओढवून घेतला. २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वजांच्या भूमीत शिकार करण्याचा त्याचा हक्क मान्य केला. कागदावर पुसलेल्या लोकांनी न्यायालयातून परत मिळवलेला हा हक्क आहे.

गोऱ्यांची वस्ती रुप्याच्या मागे आली. १८८६ मध्ये हॉल बंधूंच्या तुकडीला गावाच्या दक्षिणेकडील टोड माउंटनवर चांदी आणि तांबे असलेला दगड सापडला. तिथली ‘सिल्व्हर किंग’ खाण गाजली आणि दहा वर्षांत खाली सरोवराकाठी धातू गाळण्याची भट्टी उभी राहिली. प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्यू नेल्सन यांचे नाव गावाला मिळाले आणि १८९७ मध्ये त्याला शहराचा दर्जा लाभला. १८९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकची लोहमार्गाची फांदी आली, १८९३ मध्ये अमेरिकेकडून दुसरी आली. दोन्हींच्या मधले काम मागच्या बाजूला मोठे चाक फिरणाऱ्या आगबोटींनी केले. उथळ तळाच्या या बोटी धक्का नसला तरी किनाऱ्याला नाक लावून माल उतरवीत. त्यांतली ‘मॉयी’ मूळची क्लोंडाइकच्या सोन्याकडे जाणाऱ्या मार्गासाठी तयार केलेली. तो मार्ग बारगळल्यावर तिचे सुटे भाग इकडे आणून १८९८ मध्ये नेल्सनला जोडले गेले. ती १९५७ पर्यंत या पाण्यावर चालली. आता ती कॅस्लो गावात किनाऱ्यावर ठेवलेली असून आत शिरून पाहता येते. तिच्या प्रकारातली, जगातली सर्वांत जुनी धड राहिलेली प्रवासी बोट म्हणून तिची ख्याती आहे.

येण्याची वाट : व्हँकुव्हरहून मोटारीने सात-आठ तास लागतात, वाटेत घाट बरेच. अमेरिकेतील स्पोकेनहून तीन तास. जवळचा विमानतळ कॅसलगारला, सुमारे ४० किमी.वर. तो डोंगरांच्या खोबणीत असल्याने हिवाळ्यात ढग उतरले की विमाने रद्द होतात, आणि ते इतक्या वेळा घडते की लोकांनी त्याला ‘कॅन्सलगार’ नाव ठेवले आहे. डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्याने पुढच्या प्रवासाआधी एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा.

बेकर स्ट्रीट ही मुख्य पेठ. जुन्या दगडी-विटांच्या इमारती इथे एवढ्या दाट टिकल्या, त्याचे कारण ऐश्वर्य नव्हे. खाणी संपल्यावर नवे मनोरे बांधण्याइतका पैसाच शहरात आला नाही. मधल्या काळात ‘आधुनिक’ दिसावे म्हणून अनेक दर्शनी भिंतींवर धातूचे पत्रे ठोकले गेले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडाची मोठी गिरणी आणि विद्यापीठ केंद्र दोन्ही बंद पडून रोजगार गेला, तेव्हा शहराने ते पत्रे उतरवून मूळ विटा आणि कोरीव कमानी मोकळ्या केल्या. साडेतीनशेच्या आसपास वारसा-इमारती असलेले हे शहर त्या निर्णयावर उभे आहे. १९०९ चे न्यायालय फ्रान्सिस रॅटनबरी यांच्या आराखड्याचे. व्हिक्टोरियातील विधिमंडळाची इमारतही त्यांचीच. जुन्या रेल्वे स्टेशनात पर्यटक माहिती केंद्र आहे. ‘रॉक्सॅन’ (१९८७) हा स्टीव्ह मार्टिनचा चित्रपट इथे चित्रित झाला आणि त्यातले अग्निशमन केंद्र पाहायला लोक अजून येतात. बेकर स्ट्रीटपासून वर जाणारे रस्ते चांगलेच चढाचे आहेत. गुडघे दुखणाऱ्याने मुक्काम खालच्या अंगाला घ्यावा. शहरात १८९९ ते १९४९ ट्राम होती. तिचा २३ क्रमांकाचा डबा दुरुस्त करून १९९२ पासून उन्हाळ्यात सरोवराकाठी लेकसाइड पार्कपर्यंत चालवतात. त्या बागेत वाळूचा किनारा आहे आणि वर १९५७ चा नारिंगी पूल. पूल ओलांडून पलीकडच्या डोंगरावरील ‘पुल्पिट रॉक’ या कड्यावर चढून गेले की संपूर्ण शहर, पूल आणि पाण्याचा हात एका नजरेत येतो. चढ उभा आहे, पण सकाळच्या तासाभराचा.

पाण्याची खरी ओळख बाल्फोरला होते. नेल्सनहून पूर्वेला सुमारे ३५ किमी. गेले की हायवे ३ए धक्क्यावर संपतो आणि पलीकडे कूटनी बे येथे पुन्हा सुरू होतो. मधले पाणी हा रस्त्याचाच भाग धरलेला असल्याने फेरीबोटीला तिकीट नाही. गाडीसकट चढा, पस्तीस मिनिटांनी पलीकडे उतरा. बोट सुटली की लोक गाडीची दारे उघडून वरच्या मजल्यावर येतात. सुरुवातीला फक्त इंजिनाची घरघर ऐकू येते. मग पश्चिमेचा हात मागे पडतो, उत्तर आणि दक्षिण दोन्ही बाजूंना सरोवर एकदम उघडते आणि वारा बदलतो. नुसते जाऊन त्याच बोटीने परत आले तरी दिवस सार्थकी लागतो.

पलीकडच्या काठावर यशोधरा आश्रम आहे. जर्मनीत जन्मलेल्या आणि हृषीकेशच्या स्वामी शिवानंदांच्या शिष्या असलेल्या स्वामी शिवानंद राधा यांनी १९६३ मध्ये तो इथे आणला. त्यातले मंदिर २०१४ मध्ये आगीत गेले आणि २०१७ मध्ये कमळाच्या आठ पाकळ्यांच्या आकाराचे नवे पांढरे मंदिर उभे राहिले. अलीकडच्या काठाने बाल्फोरवरून उत्तरेला गेले की एन्सवर्थचे उन्हाळे लागतात. इथले गरम पाणी घोड्याच्या नालासारख्या वळणाच्या गुहेत साचते. आत वाफेने समोरचा माणूस दिसत नाही आणि छतावरून पाण्याचे थेंब खांद्यावर पडत राहतात. २०१५ पासून हे ठिकाण कटुनाहांपैकी लोअर कूटनी बँडच्या मालकीचे आहे. तिथे आगीने नुकसान झालेले असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी.

या खोऱ्यांत आसरा घेणारे आले आणि कोंडले गेलेलेही आले. डुखोबोर हे रशियातले शस्त्र न धरणारे, परंपरेने शाकाहारी ख्रिस्ती पंथीय. टॉलस्टॉय यांनी ‘रिसरेक्शन’ कादंबरीचे मानधन त्यांच्या स्थलांतरासाठी दिले आणि १८९९ मध्ये ते कॅनडात आले. १९०८ पासून त्यांच्यातले हजारो लोक कूटनी भागात स्थायिक झाले. कॅसलगारला त्यांचे संग्रहालय आहे. कोबी, बटाटा, टोमॅटो, साय आणि शेपू घातलेले त्यांचे बोर्श्त शाकाहारी मराठी प्रवाशाला परमुलखात पोटभर जेवण देते. बीट त्यात नावापुरतेच असते. १९४२ मध्ये सरकारने किनारपट्टीवरच्या जपानी कॅनेडियनांना घरेदारे, मासेमारी होड्या सोडायला लावून ज्या ठिकाणी डांबले, त्यांत कॅस्लो, स्लोकन आणि न्यू डेन्व्हर होती. न्यू डेन्व्हरला त्या छावणीतल्या लाकडी खोपट्या जपल्या आहेत. एका खोपटीत दोन कुटुंबे राहत. नेल्सनला येणाऱ्याने हा अर्धा दिवस चुकवू नये. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारणारे कितीतरी अमेरिकन तरुण इथे येऊन राहिले. शहरातल्या कलाशाळा, हस्तकला, सहकारी किराणा दुकान यांमागे त्या पिढीचा हात मोठा आहे.

हिवाळ्यात बर्फ भरपूर. दक्षिणेकडील व्हाइटवॉटर या स्की-ठिकाणी वर्षाला सरासरी १२ मी.च्या आसपास हिम पडते. डोंगरात हिमलोटाचा धोका खरा आहे : १९९८ मध्ये माजी पंतप्रधान पिएर ट्रूडो यांचा धाकटा मुलगा मिशेल कोकॅनी ग्लेशियर पार्कमध्ये अशाच लोटाने तिथल्या डोंगरी सरोवरात ढकलला गेला आणि त्याचा देह सापडला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळा छान, पण वणव्यांचा धूर आठवडेच्या आठवडे खोऱ्यात अडकून राहू शकतो. सर्वांत चांगला महिना सप्टेंबर.

त्याचे मोठे कारण कोकॅनी मासा. नाव ऐकून कोकण आठवते, पण हा शब्द सिनायक्स्टांच्या भाषेतला, ‘लाल मासा’ अशा अर्थाचा. समुद्राकडे न जाता आयुष्य गोड्या सरोवरात काढणारा हा सॅमन. ऑगस्टअखेर तो अंडी घालण्यासाठी ओढ्यांत चढतो. नेल्सनहून वीसेक किलोमीटरवरच्या कोकॅनी क्रीक पार्कमध्ये काठावर उभे राहिले की घोटाभर पाण्यात त्यांची रांग दिसते. अंग लालभडक, डोके हिरवट, नराचा जबडा आकडीसारखा वाकलेला. मादी कुशीवर पडून शेपटीने खडी उडवते, खळगा करते आणि बाजूचा नर दुसऱ्याला हुसकून लावतो. अंडी घालून झाल्यावर सगळे मरतात. वरच्या अंगाला बांधलेल्या डंकन (१९६७) आणि अमेरिकेतील लिबी या धरणांच्या जलाशयांत गाळाबरोबर पोषकद्रव्ये अडकली आणि सरोवर उपाशी पडले, तेव्हा या माशांची संख्या घसरली. म्हणून १९९२ पासून उत्तर फाट्यात दर उन्हाळ्यात बोटीवरून फॉस्फरस आणि नायट्रोजनचे द्रावण सोडले जाते. त्यावर शेवाळ वाढते, शेवाळावर सूक्ष्म जीव आणि त्यांवर कोकॅनी. ओढ्याकाठी बोलणे हळू ठेवावे आणि कुत्रा पाण्यात सोडू नये. खडीखाली अंडी असतात.