खानदेश

खानदेश : महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरचा, तापीच्या मधल्या खोऱ्यात पसरलेला ऐतिहासिक प्रदेश. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून खानदेश मानतात. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळा रांगा, पूर्वेस वऱ्हाड, पश्चिमेस गुजरात. लोकसंख्या ७९,२९,०७४ (२०११). या नावाचा जिल्हा वा विभाग आज सरकारदप्तरी नाही. तिथे ‘उत्तर महाराष्ट्र’ म्हणतात. जळगावच्या विद्यापीठाला १९९० साली हेच नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्या नावाच्या आरंभी कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव जोडले गेले. खानदेशी माणूस मात्र पुण्या-मुंबईत भेटला तर स्वतःला उत्तर महाराष्ट्रीय म्हणवून घेत नाही.

नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. पहिली, फारुकी राजांच्या ‘खान’ या किताबावरून. दुसरी, कृष्णाचा म्हणजे कान्हाचा ‘कान्हदेश’. घरोघरी कानबाई ही देवी बसवणाऱ्या लोकांना दुसरी जवळची वाटते, इतिहासाचा कल पहिलीकडे आहे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर मुलगा दानियाल याच्या नावाने ‘दानदेश’ असे तिसरेही नाव दिले. ते टिकले नाही.

फारुकींचा आरंभ तापीकाठच्या थाळनेरला (ता. शिरपूर) झाला, पुढे त्यांनी बऱ्हाणपूर वसवून राजधानी तिकडे नेली. ते शहर आज मध्य प्रदेशात आहे, म्हणजे खानदेशची जुनी राजधानीच खानदेशच्या नकाशाबाहेर. सीमांची ही ओढाताण इंग्रजी अमलातही थांबली नाही. १८१८ नंतर धुळे हे ठाणे असलेला विस्तीर्ण खानदेश जिल्हा झाला. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा बनताना मालेगाव, बागलाण त्यातून गेले. १९०६ मध्ये उरलेल्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला.

राज्यातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जात असताना तापी पश्चिमेकडे वाहते. पूर्णा तिला चांगदेवला मिळते. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा दक्षिणेकडून येतात. जमीन काळी, कपाशीची. रावेर-यावल पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. उन्हाळ्याबद्दल भुसावळकरांना विचारू नये.

पाण्याच्या बाबतीत या प्रदेशाची खरी कमाई म्हणजे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे. हेच फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, एका फडात ऊस तर दुसऱ्यात ज्वारी-बाजरी, आणि पुढच्या वर्षी पीक बदलायचे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असते, त्यामुळे पाण्याचे पीक एकाच्याच वाट्याला जात नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, तंटा मिटवायला पंच. पाटबंधारे खाते येण्याच्या कितीतरी आधीपासून गावांनी हे चालवले. मोठी धरणे आणि विहिरींवरचे पंप आल्यावर ही घडी बरीच विस्कटली.

बोली दोन मुख्य. धुळे आणि पश्चिम जळगावात अहिराणी. पूर्वेकडे रावेर, यावल, भुसावळ भागात लेवा गणबोली. अहिराणीत ‘आहे’चे ‘शे’ होते, ‘माझा’चा ‘मना’, ‘डोळा’चा ‘डोया’. ‘तुनं नाव काय शे?’ एवढ्यावर परगावी ओळख पटते. गुजरातीचा शेजार तिच्यात स्पष्ट ऐकू येतो. ग्रियर्सनने भाषासर्वेक्षणात ‘खानदेशी’ला मराठीपासून वेगळे नोंदवले, ते मराठी अभ्यासकांना सहज पटण्यासारखे नव्हते. बहिणाबाई (१८८०–१९५१) आसोद्याच्या. त्यांच्या ओव्यांची भाषा लेवा वळणाची. सातपुड्यात भिली आणि पावरी बोलतात.

विद्येच्या परंपरेत चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख महत्त्वाचा : भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची ती नोंद. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले (१९२६), त्यांचे दप्तर सांभाळणारे संशोधन मंडळ तिथेच आहे. अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर निघाले. साने गुरुजी अमळनेरच्याच शाळेत शिक्षक होते. स्वातंत्र्यलढ्यात डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाला.

सणांत आखाजी (अक्षय्य तृतीया) हा सासुरवाशिणींचा : माहेर, झोके आणि गाणी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, पांगलेली भाऊबंदकी एका चुलीशी येते. जेवणात कळण्याची भाकरी, शेवभाजी, खापरावरची पुरणपोळी. भरिताची वांगी मात्र काड्यांच्या जाळावरच भाजायची. गॅसवर भाजलेल्याला इथे भरीत म्हणत नाहीत.