अहवालाचे रकाने

रेवदंड्याच्या एखाद्या गरोदर बाईची सोनोग्राफी अलिबागला होवो की मुंबईला, एक कागद सगळीकडे सारखाच भरावा लागतो. डॉक्टर त्याला 'एफ फॉर्म' म्हणतात. बाईचे नाव, हयात मुलगे व मुली वयासह, तपासणीसाठी कोणी पाठवले, गर्भ किती आठवड्यांचा, तपासणी कशासाठी. कारणांची तर 23 कलमांची यादीच छापलेली असते. खाली बाईचे आणि डॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र.

अहवालाला ठरावीक साचा असावा, ही मागणी तशी जुनी. राँटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधले आणि 1922 मध्येच अमेरिकेतील प्रेस्टन हिकी यांनी अहवालांच्या प्रमाणीकरणाचा आग्रह धरला. प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहिले तर वाचणाऱ्याने अर्थ कसा लावायचा? पुढे 1993 मध्ये स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी तेथे 'बायरॅड्स' पद्धत आली. वर्णनाचे शब्द ठरलेले आणि शेवटी एक आकडा. आकडा 4 असला की गाठीचा तुकडा काढून तपासायचा, हे कोणत्याही गावच्या डॉक्टरला कळते.

एफ फॉर्म मात्र निदानासाठी नाही, पहाऱ्यासाठी आहे. गर्भलिंगपरीक्षणावर नियंत्रण आणणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 चा कायदा 1996 पासून लागू झाला, पण बराच काळ कागदावरच राहिला. म्हणून 2000 मध्ये 'सेहत', 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 2003 पासून दुरुस्त कायदा लागू झाला. केंद्राने दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत तपासण्यांचा अहवाल समुचित प्राधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 होत्या.

रकाना कोरा राहिला तरी कायद्याचा भंग मानला जातो. ही तर कारकुनी चूक, अशी डॉक्टरांची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती फेटाळली. मला हे योग्य वाटते, कारण बंद खोलीत काय घडले याचा दुसरा पुरावा उरत नाही. पण 'पेढे आणा' की 'जिलेबी आणा' एवढे दोन शब्द डॉक्टर बोलला, तर ते कुठल्या रकान्यात येणार? म्हणून एकटा फॉर्म पाहून भागत नाही. दोन मुली असलेल्या बाईचा फॉर्म काढायचा आणि पुढे जन्मनोंदवहीत तिचे बाळ शोधायचे.