आत्महत्येच्या जोखमीचे विदाधारित मूल्यमापन

मानसिक आरोग्यसेवेत येणाऱ्या व्यक्तींच्या वैद्यकीय नोंदी, प्रश्नावल्यांतील उत्तरे आणि मृत्युनोंदी एकत्र करून, पुढील काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आत्महत्येचा प्रयत्न होण्याची शक्यता कोणामध्ये इतरांहून अधिक आहे, हे संख्याशास्त्रीय रीतीने ठरवण्याची पद्धत. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, मुख्यतः अमेरिकेतील मोठ्या आरोग्ययंत्रणांमध्ये ती आकाराला आली. ही पद्धत माणसांची क्रमवारी लावते. अमुक व्यक्ती जीव देईल की नाही, हे ती सांगू शकत नाही. हा भेद विसरला गेला की मिळालेला आकडा रुग्णाच्या नावावर शिक्क्यासारखा बसतो.

पूर्वी जोखीम ठरत असे ती मुलाखतीत, आणि बहुतेक ठिकाणी आजही तशीच ठरते. मनात मरणाचे विचार येतात का, काही बेत आखला आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, घरी सोबतीला कोण आहे, हे मानसोपचारतज्ज्ञ विचारतो. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही सर्वत्र आढळणारी भीती संशोधनात टिकलेली नाही. उलट थेट विचारले की पुष्कळांना मोकळे वाटते. या संभाषणाला शिस्त यावी म्हणून प्रश्नावल्या तयार झाल्या. अ‍ॅरन बेक यांची निराशामापन श्रेणी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे आत्महत्येचे विचार व वर्तन यांची तीव्रता मोजणारी कोलंबिया श्रेणी आली. नैराश्यासाठी वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली जगभरच्या ओपीडीत पोहोचली असून तिचा नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांतील मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे.

या साऱ्या प्रयत्नांपुढची अडचण १९५४ मध्येच अल्बर्ट रोझेन यांनी दाखवून दिली होती. दुर्मीळ घटना आधी ओळखण्याची कोणतीही चाचणी, ती बरीच चांगली असली तरी, बहुतांश वेळा चुकीचाच इशारा देते. त्यामागचे गणित कठीण नाही. समजा, १,००,००० रुग्णांपैकी वर्षभरात १०० जणांचा मृत्यू आत्महत्येने होणार आहे. चाचणी या १०० पैकी ८० जणांना अचूक हेरते आणि उरलेल्यांपैकी ९० टक्के लोकांना योग्य रीतीने वगळते. ऐकायला हे उत्तमच वाटते. पण वगळले न गेलेले १० टक्के म्हणजे ९,९९० माणसे. इशारा मिळालेल्या एकूण १०,०७० जणांत खरोखर मृत्यू होणारे ८०, म्हणजे सव्वाशेत एकही नाही. चाचणीतील दोष दूर करून हे बदलत नाही. ते घटनेच्या दुर्मीळपणातून येते.

ॲलेक्स पोकोर्नी यांनी ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात हे प्रत्यक्षात तपासले. दाखल झालेल्या ४,८०० रुग्णांचा त्यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्यांतील ६७ जणांचा मृत्यू आत्महत्येने झाला. अधिक जोखमीचे म्हणून वेगळ्या काढलेल्या ८०३ जणांत त्यांतले ३० होते. उरलेले ३७ जण ज्यांच्याबद्दल विशेष काळजी वाटली नव्हती, त्या गटातले होते. जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कोणताही एकेकटा जोखीमघटक नाणेफेकीपेक्षा फारसा उपयोगी ठरत नाही, असे दिसले. नैराश्य, बेकारी, व्यसन, एकटेपणा यांतले काहीही सुटे घेऊन चालत नाही.

एकच घटक कमजोर असेल, तर शेकडो घटक एकत्र तोलून पाहावेत, या विचारातून नवी पद्धत जन्मली. संगणकीकृत केसपेपरमुळे ते शक्य झाले. मागील निदाने, दिलेली औषधे, तातडीच्या विभागातल्या भेटी, रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाल्याला उलटलेला काळ, नवव्या प्रश्नाची उत्तरे, वय आणि लिंग अशा माहितीला मृत्युनोंदणीची जोड देऊन संख्याशास्त्रीय प्रतिमान (मॉडेल) ‘शिकवले’ जाते. नंतर ते अनोळखी रुग्णांच्या नोंदींवर चालवून पाहतात. डॉक्टरांनी मोकळ्या भाषेत लिहिलेल्या टिपणांतूनही संगणक संकेत वेचू शकतो. या शिकवण्याला मशीन लर्निंग म्हटले की गूढ काही असेल असे वाटते, पण इथे वापरले जाणारे तंत्र बहुधा लॉजिस्टिक रिग्रेशनचेच, म्हणजे अनेक घटक तोलून घटनेची शक्यता काढणाऱ्या जुन्या संख्याशास्त्रीय रीतीचेच, सुधारित रूप असते. त्याहून गुंतागुंतीची प्रतिमाने वापरून फारसा लाभ होत नाही, असे सुसान शॉर्ट्रीड आणि सहकाऱ्यांना २०२३ मध्ये आढळले.

रोनाल्ड केसलर यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकन सैनिकांचा अभ्यास या क्षेत्रातला एक टप्पा मानला जातो. २००४ ते २००९ या काळात मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहिलेल्या ४०,८२० सैनिकांपैकी ६८ जणांचा मृत्यू डिस्चार्जनंतरच्या बारा महिन्यांत आत्महत्येने झाला. प्रतिमानाने सर्वाधिक जोखमीच्या म्हणून काढलेल्या ५ टक्के दाखल-प्रसंगांत या मृत्यूंपैकी जवळपास ५३ टक्के आले. या वरच्या गटातही बहुसंख्य सैनिक वाचले. मात्र त्यांच्यापैकी सुमारे ४६ टक्के जणांच्या वाट्याला वर्षभरात आत्महत्या, तिचा प्रयत्न, अपघाती मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणे यांपैकी काहीतरी आले. प्रस्तुत लेखकाला हा आकडा पहिल्या आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. मृत्यूच्या दृष्टीने ‘चुकीचा’ ठरलेला इशारा यातनांच्या दृष्टीने अनेकदा बरोबर असतो, आणि तिथे पोहोचलेली मदत वाया जात नाही.

ग्रेगरी सायमन आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास बराच विस्तृत होता. सात आरोग्ययंत्रणांमधल्या सुमारे २९ लाख ६० हजार रुग्णांच्या जवळजवळ दोन कोटी भेटी त्यांनी तपासल्या. मानसोपचार विभागातील भेटींपैकी सर्वाधिक जोखमीच्या ५ टक्के भेटींनंतरच्या ९० दिवसांत एकूण प्रयत्नांपैकी ४३ टक्के आणि मृत्यूंपैकी ४८ टक्के घडले. पूर्वीचा प्रयत्न, मानसिक आजाराचे व व्यसनाचे निदान, दाखल होण्याचा वा तातडीच्या उपचारांचा इतिहास आणि नवव्या प्रश्नाचे उत्तर हे घटक सर्वांत प्रभावी ठरले. अनुभवी डॉक्टरला यांतले काहीच नवे नाही. संगणक इतकेच करतो की, गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत नजरेतून सुटणारी जुनी नोंद तो सुटू देत नाही.

टीकाकारांचे म्हणणेही आकड्यांवरच आधारलेले आहे. ब्रॅडली बेल्शर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ६४ प्रतिमानांचा आढावा घेतला, तेव्हा आत्महत्येने मृत्यूचा इशारा खरा ठरण्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी निघाले. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने तर २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट बजावले की, भावी आत्महत्येचे भाकीत करण्यासाठी किंवा कोणाला उपचार द्यायचे हे ठरवण्यासाठी जोखीमश्रेणी वापरू नयेत, आणि रुग्णांची उच्च-मध्यम-कमी अशी विभागणी करू नये. त्याऐवजी त्या व्यक्तीच्या गरजा व सुरक्षितता यांवर लक्ष द्यावे. या भूमिकेत मोठे शहाणपण आहे. पोकोर्नी यांच्या अभ्यासातले ३७ जण आठवले की, ‘कमी जोखीम’ असे लिहून एखाद्याला घरी पाठवण्यात केवढा धोका आहे, ते कळते. क्रमवारी वापरायची तर ती अधिकची मदत कोणाकडे आधी न्यायची यासाठी वापरावी. कोणाची मदत काढून घेण्यासाठी कदापि वापरू नये.

अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने २०१७ मध्ये देशभर लागू केलेला ‘रीच व्हेट’ हा कार्यक्रम या धोरणाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. दर महिन्याला प्रत्येक केंद्रातील सर्वाधिक जोखमीच्या ०.१ टक्के रुग्णांची यादी निघते. समन्वयक ती त्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचवतो. डॉक्टर उपचारांचा फेरविचार करतात आणि रुग्णाला फोन करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात या रुग्णांच्या ओपीडीतील भेटी वाढल्या, चुकलेल्या भेटी घटल्या, अधिक जणांचे सुरक्षितता-आराखडे (संकटाच्या क्षणी काय करायचे, कोणाची मदत घ्यायची याची लेखी योजना) लिहिले गेले, आणि नोंदलेले आत्महत्येचे प्रयत्न सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाले. मृत्युदरात मात्र फरक दिसला नाही.

इशारा डॉक्टरपर्यंत कसा पोहोचतो, यावरही बरेच अवलंबून असते. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील कॉलिन वॉल्श यांच्या गटाने २०२५ मध्ये दोन पद्धती ताडून पाहिल्या. काम थांबवून समोर येणाऱ्या इशाऱ्यानंतर ४२ टक्के प्रसंगी डॉक्टरांनी जोखमीची तपासणी करण्याचा निर्णय घेतला. केसपेपरच्या कोपऱ्यात निमूट राहणाऱ्या इशाऱ्यानंतर फक्त ४ टक्के प्रसंगी. पण सतत थांबवणाऱ्या इशाऱ्यांनी डॉक्टर थकतात, हेही तितकेच खरे.

नोंदींत समाजातली विषमता उतरलेली असते आणि प्रतिमान ती जशीच्या तशी उचलते. येट्स कोली आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की, कृष्णवर्णीय व मूळ अमेरिकन रुग्णांच्या आणि वंशाची नोंदच नसलेल्या रुग्णांच्या बाबतीत ही प्रतिमाने लक्षणीयरीत्या कमी अचूक ठरतात. ज्यांना डॉक्टरकडे जाणे परवडत नाही त्यांचा केसपेपर कोरा राहतो, आणि कोरा केसपेपर यंत्राला निरोगी माणसाचा वाटतो. ‘रीच व्हेट’च्या पहिल्या प्रतिमानात गोरा पुरुष असणे हा जोखीम वाढवणारा घटक होता, तर सैन्यसेवेत झालेल्या लैंगिक अत्याचाराचा विचारच नव्हता. टीका झाल्यावर पुढच्या आवृत्तीत यात बदल केला गेला. आणखी एक गुंता असा की, वेळेवर उपचार मिळून वाचलेला रुग्ण नोंदीत ‘मृत्यू नाही’ म्हणून येतो, आणि तशी लक्षणे सौम्य असतात असा चुकीचा धडा यंत्र घेते.

संमतीचा प्रश्न रुग्णालयाबाहेर अधिक टोकदार होतो. ब्रिटनच्या ‘समॅरिटन्स’ या जुन्या, आदरणीय संस्थेने २०१४ मध्ये ट्विटरवरील मजकुरातून व्यथित व्यक्ती शोधणारे साधन आणले. लोकांच्या नकळत त्यांच्यावर नजर ठेवली जाते, असा आक्षेप आल्यावर ते काही दिवसांतच थांबवावे लागले. ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ या अमेरिकन सेवेने संकटातल्या लोकांच्या संभाषणांची ओळख पुसलेली विदा आपल्याशी संबंधित कंपनीला दिल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, आणि टीकेनंतर तो व्यवहार बंद झाला. मध्यरात्री मदत मागणाऱ्याने लिहिलेले शब्द ही त्याची ठेव असते. ती दुसऱ्या कामाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

भारतात या पद्धतीचा पायाच अजून कच्चा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद असून त्यांतील २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रातील आहेत. ही आकडेवारी पोलीस तपासातून येते. ‘कौटुंबिक समस्या’, ‘आजारपण’ अशा रकान्यांत मृत्यू बसवला जातो आणि तो मृताच्या केसपेपरशी जोडला जात नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा दीर्घकाळ भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. पोलिसांचा ससेमिरा टळावा म्हणून कुटुंबे ‘अपघात’ सांगत आणि तसेच लिहिले जाई. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असे गृहीत धरून सरकारवर काळजी व पुनर्वसनाची जबाबदारी टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम उरलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. कायदा बदलला तरी खरे सांगण्याची सवय जडायला वेळ लागेल, आणि तोवर इथल्या नोंदींवर प्रतिमान शिकवणे म्हणजे त्याला लपवालपवी शिकवणे आहे. स्वीडनमधील ७५,१५८ मनोरुग्णांच्या नोंदींवर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बेतलेले ‘ऑक्समिस’सारखे जोखीम मोजण्याचे साधनही स्थानिक नोंदींवर तपासून घेतल्याशिवाय वापरता येणार नाही.

मदतीसाठी मात्र यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच शहरांत केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी या उपचारांच्या जोडीला एकदा सविस्तर बोलून, पुढे अठरा महिने फोनने किंवा भेटून संपर्क ठेवला गेला. पहिल्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण २.२ टक्के राहिले, दुसऱ्यात ०.२ टक्के. विदाधारित क्रमवारीचे भारतातले पहिले काम असे संपर्क कोणाकडे आधी न्यायचे, एवढेच असायला हवे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.