ऑफिसच्या वायफायवर कोण काय पाहतंय हे शोधता येतं का? आणि शोधावं का?

महाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात दुपारी नेट रखडू लागलं, की कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाला फर्मान सुटतं, "कोण एवढं नेट खातंय ते शोध." पोलादपूरला महामार्गावरच्या, गिऱ्हाइकांना फुकट वायफाय देणाऱ्या हॉटेलातही हाच प्रश्न येतो. शोधण्याचा एक मार्ग म्हणजे पॅकेट कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीची नक्कल उतरवून ती तपासणं. त्यासाठीचं वायरशार्क हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. १९९८ मध्ये ते इथेरियल या नावानं आलं, २००६ मध्ये नाव बदललं.

मेसेज असो वा व्हिडिओ, माहिती छोट्या पॅकेटांत विभागून जाते. एसटीनं पाठवलेलं पार्सल आठवा: वर पत्ता, आत माल. पत्त्याचा भाग म्हणजे हेडर, आतला माल म्हणजे पेलोड. साइट एचटीटीपीएस असेल तर माल कुलूपबंद असतो, पासवर्ड वाचता येत नाही. पत्ता मात्र बहुतेक वेळा उघडाच. कोणत्या मोबाइलवरून किती वाजता कोणती साइट उघडली, हे त्यातून कळतं. कोण नवी नोकरी शोधतंय, कोण कुठल्या आजाराची माहिती काढतंय, याचा अंदाज यायला तेवढं पुरतं. "आम्ही मजकूर कुठे वाचतो?" हे उत्तर म्हणूनच तोकडं आहे.

नेटवर्कच्या मालकाच्या किंवा ते सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय डेटा उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजारच्या लॉजच्या वायफायला पासवर्ड नाही, याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही. रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या गुगलच्या गाड्यांनी अशाच उघड्या वायफायवरचा मजकूर गोळा केल्याचं कंपनीनं २०१० मध्ये कबूल केलं, आणि अनेक देशांत चौकशा लागल्या.

मालकाची परवानगी असली तरी कर्मचाऱ्यांना आधी सांगायला हवं, नोटीस बोर्डावर दोन ओळी लावून का होईना.

खरं तर पुष्कळदा कॅप्चरची गरजच नसते. कोणतं उपकरण किती डेटा वापरतंय हे अनेक राउटर स्वतःच दाखवतात. पावसाळ्यात झाड पडून केबल तुटली असेल, तर पॅकेटं तपासून काय मिळणार? तरीही कॅप्चर करावंच लागलं, तर फिल्टर लावून संशय असलेल्या उपकरणापुरतंच, फक्त हेडर आणि दहा-पंधरा मिनिटं. तयार झालेली फाइल मदतीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. त्यात ऑफिसातल्या इतरांचे पत्तेही असू शकतात. बाहेरच्या तंत्रज्ञाला द्यायचीच असेल, तर लागणारी पॅकेटं वेगळी काढून तेवढीच द्यावी आणि काम झालं की मूळ फाइल पुसून टाकावी.