आपत्कालीन पिशवीत मनासाठी एक कप्पा

मागच्या भागात आपण पुराच्या दिवसांसाठीची पिशवी भरली: टॉर्च, ओआरएस, पॉवर बँक, कागदपत्रं. एक गोष्ट राहिली, मनाला धीर देणारी. ही काही आजची टूम नाही बरं का. 1914 च्या नाताळात ब्रिटिश फौजेला भेटीच्या पितळी डब्या वाटल्या, तेव्हा शीख सैनिकांसाठी खडीसाखर आणि मसालेही होते.

पण मला आपल्या धुळ्याची गोष्ट जास्त जवळची वाटते. साल 1932, धुळ्याचा तुरुंग. सत्याग्रही कैद्यांजवळ सामान ते किती असणार? 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे गीतेवर बोलले. 18 रविवार, 18 अध्याय. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. त्याचंच पुढे ‘गीता प्रवचने’ झालं. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. आईच्या आठवणी तर झडतीतही कोणी काढून घेऊ शकत नाही!

मला वाटतं, त्या चार महिन्यांत प्रवचनाइतकाच आधार ‘पुढचा रविवार येणार आहे’ या भरवशाचा असेल.

म्हणून पिशवीत पत्त्यांचा कॅट टाका, लहानग्याचं खेळणं टाका. मी आजीच्या अहिराणी गोष्टी फोनमध्ये रेकॉर्ड केल्यात. पण चार्जिंग संपलं तर? म्हणून त्यातल्या दोन वहीत उतरवल्यात, गुरुजींसारख्या. तुम्ही काय ठेवणार?