सीमाभाग आणि कलेची पदवी



एका चित्रकलाशिक्षकांच्या स्मृत्यर्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते. तिच्यात मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने चित्रकलेवर बोलावे, हे कोणास आगंतुकपणाचे वाटेल. मी चित्रकार नव्हे. तथापि एखादी विद्या विद्यापीठाच्या दाराशी किती काळ तिष्ठत राहते, हे मराठीच्या अध्यापकाला निराळे सांगावे लागत नाही. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्या थोर पुरुषाला आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. चित्रकलेला तर त्याहूनही कितीतरी अधिक काळ ताटकळावे लागले. त्या प्रतीक्षेचा इतिहास आणि त्यातील आपल्या बेळगाव-निपाणी भागाचा वाटा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा सुरू झाली ती मार्च १८५७ मध्ये. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते त्याच वर्षीच्या जुलैत. दोन्ही संस्था एकाच शहरात, चार-साडेचार महिन्यांच्या अंतराने जन्मास आल्या. परंतु त्या कलाशाळेच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची पदवी मिळू लागण्यास १९८१ साल उजाडावे लागले. मधल्या जवळजवळ सव्वाशे वर्षांत जो कोणी शिकला, तो फार तर सरकारी पदविकाधारक झाला. जी. डी. आर्ट ही तीन अक्षरी ओळख लावून आमच्या कित्येक नामवंत चित्रकारांनी सारा जन्म काढला.

असे का झाले? एक कारण राज्यकर्त्यांच्या दृष्टीत होते. देशी कारागिरांचा हात सुधारावा, त्यांना मोजमापाचे रेखांकन यावे, एवढाच या शिक्षणाचा हेतू प्रारंभी मानला जाई. पण सारा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. हाताने करावयाचे काम हलके आणि पुस्तकी विद्या श्रेष्ठ, ही समजूत आपल्या समाजाच्या हाडीमासी खिळलेली होती. सुतार, कुंभार, रंगारी यांच्या कौशल्याला आपण विद्या म्हटले नाही. मग त्या कौशल्याला पदवी द्यावी, असे आपल्या विद्वानांना तरी कसे सुचावे?

या बाबतीत बडोद्याने मुंबईच्या आधी पाऊल टाकले. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली तेथे कलाभवन स्थापन करून हस्तकौशल्याच्या शिक्षणाचा पाया घातला होता. पुढे महाराजांच्याच नावाचे विद्यापीठ १९४९ साली निघाले आणि १९५० मध्ये त्यात ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली. तेथे चित्रकलेचा विद्यार्थी इतर पदवीधरांच्या पंक्तीस बसला. या विद्याशाखेची घडी बसविणाऱ्यांत ना. श्री. बेंद्रे होते आणि त्यांची स्वतःची अर्हता मुंबईची जी. डी. आर्टच होती. पदविकाधारक गुरूंनी पदवीधर शिष्य घडविले, असा हा प्रकार आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्याच्या ओढीने १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आले की त्यांच्या दृष्टीत रंगांधळेपणाचा दोष आहे. रंगचित्रणाची वाट तेथेच खुंटली. दुसरा एखादा निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते यंत्रांचे रेखांकन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत तेच शिकवू लागले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हाही एक सुंदर योग! किर्लोस्करांच्या नांगराकडे आपण उद्योगाचे प्रतीक म्हणून पाहतो. माझ्या मते तो कलाशाळेच्या चित्रवर्गाचाही वारस आहे. ज्याला आज आपण डिझाइन म्हणतो, ते याहून निराळे काय आहे?

त्याच घराण्यातील शंकरराव किर्लोस्कर लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकले. पुढे त्यांनी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके चालविली. मराठी मासिकाला देखणे रूप देणाऱ्या संपादकांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. चित्रकाराची नजर साहित्याच्या किती उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

ही माणसे बाहेर गेली आणि मोठी झाली. के. बी. कुलकर्णी मात्र बेळगावात राहिले. बेनन स्मिथ हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवीत आणि ‘चित्रमंदिर’ या आपल्या संस्थेतून विद्यार्थी घडवीत त्यांनी या गावाला कलेच्या नकाशावर आणले. १९३५ साली बेळगावातच जन्मलेले रवी परांजपे त्यांचे शिष्य. बोधचित्रे आणि रंगचित्रे या दोन्ही प्रांतांत देशभर नाव मिळवून ते २०२२ मध्ये पुण्यास निवर्तले. त्यांच्या हाताचा पाया बेळगावातल्या एका चित्रकलाशिक्षकाने घातला होता, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिचा अर्थ मात्र क्वचितच लक्षात घेतो.

तो अर्थ असा की, सीमाभागातील मुलासाठी कलेच्या पदवीचा मार्ग माध्यमिक शाळेतील चित्रकलेच्या तासातून सुरू होतो. वकिलीची किंवा डॉक्टरकीची माहिती घरी-दारी कोणीही देईल. कलामहाविद्यालय नावाची काही वस्तू असते, हे खेड्यातल्या मुलाला फक्त त्याचे चित्रकलेचे सरच सांगू शकतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. या घटनेची राजकीय बाजू आपण सारे जाणतो. तिची शैक्षणिक बाजू फारशी चर्चिली जात नाही. मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा महाराष्ट्रात राहिल्या; कर्नाटकात लोअर आणि हायर ग्रेड. महाराष्ट्रात १९६५ साली कलासंचालनालय निर्माण होऊन पदविकांचा कारभार त्याच्याकडे गेला. इकडे धारवाडपासून म्हैसूरपर्यंत कलाशाळांचे निराळे जाळे विणले गेले. आज महाराष्ट्रात जिला बी. एफ. ए. म्हणतात, तिलाच कर्नाटकात बी. व्ही. ए. हे नाव आहे. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. पण प्रमाणपत्र कोणत्या राज्याचे, या प्रश्नाला अंतर ठाऊक नसते. निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीत उभे आहे. वर्गात जाण्यासाठी रोज राज्य ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांना या अडचणी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

काही वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या खेड्यातील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाच्या हातात दोन्ही राज्यांची माहितीपत्रके होती. मुलगा गप्प होता. वडिलांनी सरळच विचारले, “सर, हे शिकून पोरगं खाणार काय?” प्रश्न रास्त होता, तंबाखूच्या पिकावर घर चालविणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. मी त्यांना म्हणालो, “तुमच्या घरातल्या विडीच्या बंडलावरचं लेबल कुणीतरी काढलेलं आहे. तुमच्या बियाण्याच्या पिशवीवरचं कणीस, पोराच्या पुस्तकातलं चित्र, गावातल्या पतसंस्थेची मुद्रा, हे सारं कुणीतरी शिकून केलेलं आहे.” त्यांचे समाधान पूर्ण झाले असे मी म्हणणार नाही, परंतु मुलगा कलामहाविद्यालयात गेला. तेथे चार वर्षे काढून पुढे पदव्युत्तर पदवीही त्याने मिळविली.

या पदव्युत्तर शिक्षणाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. व्यक्तिचित्रण, भित्तिचित्र, मुद्राचित्रण असा एखादा विषय घेऊन विद्यार्थी दोन वर्षे त्यातच बुडून जातो. अखेरीस त्याला आपले काम परीक्षकांसमोर मांडावे लागते, त्यामागचा विचार बोलून आणि लिहून सिद्ध करावा लागतो. येथे आमची मुले अडखळतात. हात तयार असतो, शब्द नसतात. छायाप्रकाश, यथार्थदर्शन, अवकाश, घनता हे शब्द मराठीत आहेत, पण ते शाळेत त्यांच्या कानांवर पडलेलेच नसतात. चित्राविषयी बोलण्याची सवय लावणे हे भाषाशिक्षकाचेही काम आहे, असे मला आवर्जून सांगावयाचे आहे.

पदवी आली याचा मला आनंद आहे. २०२३ साली जे. जे. संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सव्वाशे वर्षे दारात तिष्ठलेली विद्या आता स्वतःच्या घराची धनीण झाली. परंतु पदवीबरोबर तिचा जाचही येतो. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून आले, तेथेच शिक्षक झाले आणि १९३० मध्ये काही काळ त्यांनी संचालकपदाची धुराही वाहिली. आजच्या नियमांनी त्यांना अधिव्याख्यात्याच्या मुलाखतीचे बोलावणेसुद्धा आले नसते. कागद पाहताना हात पाहण्याचे विसरू नये, एवढाच याचा बोध.

शाळेच्या चालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. ज्यांच्या नावाने आपण आज जमलो, त्यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्यांची जागा रिकामी न ठेवणे अवघड आहे. शासनाकडून पद मंजूर होवो वा न होवो, चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकू नका. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शिक्षक ठेवावा. दोन्ही राज्यांच्या प्रवेशाची माहिती शाळेच्या फलकावर लावावी. दरवर्षी एका तरी मुलाचे कागद-रंगांचे ओझे उचलावे. सीमेचा प्रश्न सोडविणे आपल्या हाती नाही. चित्रकलेचा वर्ग उघडा ठेवणे आहे.